सात डॉलर नाकारणारा शिपाई

आपल्यातल्या कितीतरी घरांत तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी आजोबा-पणजोबांचा गणवेशातला एखादा पिवळा पडलेला फोटो असतो. कुणी त्याच्याखाली उभे राहून बसऱ्याचे नाव सांगतो, कुणी ब्रह्मदेशाचे. गोळी लागून पडलेल्या पूर्वजाची हकीकत नातवंडांना दहा वेळा ऐकवली जाते. परंतु जो पलटणीत असताना तापाने, आमांशाने किंवा पटकीने गेला, त्याच्याविषयी घरात एकच वाक्य उरते : “ते तिकडेच वारले.” एवढ्यावर विषय मिटतो. जणू रोगाने आलेले मरण हे शिपायाचे मरणच नव्हे! आम्हाला हे वाक्य फार दिवसांपासून खटकत आले आहे. रणांगणावरची गोळी शत्रूने मारलेली असते हे कुणालाही दिसते. पण छावणीतला रोग कुणाच्या वाट्याला जास्त येतो, औषध कुणाच्या वाट्याला कमी येते आणि चिखलातले काम कुणाच्या पाठीवर लादले जाते, हे पाहायला लागले की त्या मरणालाही करणारे हात असतात असे ध्यानात येते.

म्हणून या वेळी आम्ही वाचकांना थोडे दूर, अमेरिकेत नेणार आहोत. तेथे १८६१ ते १८६५ अशी चार वर्षे यादवी युद्ध झाले. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेकडील राज्ये देशातून फुटून निघाली आणि उत्तरेकडील सरकारने त्यांच्याशी युद्ध केले. या युद्धाच्या शेवटी गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. आपल्या महाराष्ट्रात त्या घटनेचे मोल सर्वांत आधी ओळखले ते जोतीराव फुले यांनी. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल, अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. हे आपल्याला शाळकरी वयापासून ठाऊक असते. त्या मुक्तीसाठी कृष्णवर्णीयांनी स्वतः बंदूक धरली होती, हे मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय सैनिक होते. त्यांतले जवळजवळ ४० हजार मरण पावले आणि त्या ४० हजारांपैकी सुमारे ३० हजार रोगाने गेले. म्हणजे चारांत तीन! मिसूरी राज्यात उभारलेल्या ६५व्या कृष्णवर्णीय पलटणीने तर ७५५ माणसे गमावली आणि ती सर्वच्या सर्व रोगाने. त्या पलटणीत गोळीने मेलेला एकही नाही.

या ४० हजारांपैकी एका तरुणाची ही हकीकत आहे. त्याचे नाव जेम्स हेन्री गुडिंग.

नॉर्थ कॅरोलिना राज्यातील न्यू बर्न गावी २८ ऑगस्ट १८३८ रोजी त्याचा जन्म झाला, तोही गुलाम म्हणून. त्या राज्यात गुलामाला वाचायला-लिहायला शिकवणे हा १८३०पासून कायद्याने गुन्हा होता. कुणी शिकवले तर शिकवणाऱ्याला शिक्षा आणि गुलामाने गुलामाला शिकवले तर फटके. (आपल्या वाचकांना हे वाचून फार नवल वाटणार नाही!) जेम्सचे नशीब इतके चांगले की तो लहान असतानाच त्याच्या सुटकेची किंमत मोजली गेली. माणसाची किंमत मोजली गेली, हे वाक्य लिहिताना आमची लेखणी अडखळते. पण व्यवहार तसाच होता. त्याला उत्तरेकडे न्यूयॉर्क शहरात आणण्यात आले आणि १८४६ साली, वयाच्या आठव्या वर्षी, तेथील कृष्णवर्णीय मुलांच्या अनाथाश्रमात दाखल करण्यात आले. तेथे त्याला अक्षरे मिळाली. पुढे आयुष्यभर त्याने जे काही केले, ते त्या अक्षरांच्या जोरावर.

१८५६ साली, अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, तो मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यू बेडफर्ड बंदरात जाऊन देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर खलाशी झाला. त्या काळी देवमाशाच्या तेलावर घराघरांतले दिवे जळत आणि हे बंदर त्या धंद्याची पेठ होते. दक्षिणेतून पळालेल्या गुलामांना आसरा देणारे गाव म्हणूनही त्याचा लौकिक होता. फ्रेडरिक डग्लस हे थोर कृष्णवर्णीय नेते गुलामीतून निसटून प्रथम येथेच स्थिरावले होते. जहाजावर नाव नोंदवताना गुडिंगने आपण न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय गावी स्वतंत्र म्हणून जन्मलो असे लिहून दिले. ते खरे नव्हते. परंतु १८५०च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला उत्तरेतूनही पकडून मालकाच्या हवाली करता येत होते. अशा देशात कातडीचा रंग काळा असलेल्या माणसाने जन्मगाव बदलून सांगितले, तर त्याला खोटारडा म्हणायला आम्ही तयार नाही. आपल्यापैकी ज्यांनी शहरात खोली भाड्याने घेताना आडनाव सांगायचे टाळले आहे, त्यांना यात सांगण्यासारखे काही नाही.

दर्यावर असताना त्याने कविता लिहिल्या आणि त्या छापल्याही गेल्या. सप्टेंबर १८६२मध्ये न्यू बेडफर्डच्या खलाशांच्या प्रार्थनामंदिरात एलेन नावाच्या तरुणीशी त्याचा विवाह झाला. संसाराला पुरते पाच महिनेही झाले नव्हते, तोच १४ फेब्रुवारी १८६३ रोजी त्याने सैन्यात नाव घातले.

आता या पलटणीविषयी. १ जानेवारी १८६३ रोजी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी बंडखोर राज्यांतील गुलाम मुक्त झाल्याची घोषणा केली आणि कृष्णवर्णीयांना सैन्याचे दार उघडले. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी लगेच कृष्णवर्णीयांची ५४वी पलटण उभारायला घेतली. डग्लस यांचे दोन मुलगे तीत भरती झाले. अधिकारी मात्र गोरे, कारण कृष्णवर्णीयाला अधिकारपद द्यायची तयारी अजून नव्हती. पलटणीचा कर्नल होता रॉबर्ट गूल्ड शॉ, वय वर्षे पंचवीस. भरती होणाऱ्या प्रत्येकाला गव्हर्नरांनी वचन दिले होते की गोऱ्या शिपायाला जे मिळते तेच तुम्हाला मिळेल. त्याला महिना १३ डॉलर आणि वर कपड्यांचा खर्च मिळत असे.

गुडिंग पलटणीच्या ‘सी’ तुकडीत होता. बंदुकीबरोबर त्याने लेखणीही सोडली नाही. न्यू बेडफर्डच्या ‘मर्क्युरी’ या वर्तमानपत्राला तो छावणीतून पत्रे धाडू लागला. खाली सही असे ती फक्त आद्याक्षरांची. मार्च १८६३ ते फेब्रुवारी १८६४ या वर्षभरात त्याची ४८ पत्रे छापून आली. गोऱ्यांच्या मालकीच्या वर्तमानपत्रात एक कृष्णवर्णीय शिपाई आठवड्यामागून आठवडे युद्धाची बातमी देत होता! बंदरातल्या आया-बायकांना आपला मुलगा, आपला नवरा कोठे आहे, काय खातो, कोण आजारी आहे, हे त्या पत्रांतून कळत असे. वृत्तपत्र चालवणाऱ्या माणसांना अशा बातमीदाराचे मोल वेगळे सांगायला नको.

२८ मे १८६३ रोजी पलटण बोस्टन शहरातून जहाजाने दक्षिणेकडे निघाली. आणि थोड्याच दिवसांत पगार वाटणारा अधिकारी आला. त्याने सांगितले की १८६२च्या कायद्याप्रमाणे कृष्णवर्णीयांना महिना १० डॉलर आहेत आणि त्यांतून ३ डॉलर कपड्यांचे कापले जातील. हातात पडणार ७ डॉलर. तो कायदा झाला होता मुख्यतः छावणीत आश्रयाला आलेल्या गुलामांना मजुरीवर लावण्यासाठी. खंदक खणणाऱ्याचा दर बंदूक धरणाऱ्याला लावला गेला. पलटणीने एकमुखाने उत्तर दिले : आम्हाला हा पगार नको. बरोबरीचा देणार असाल तर द्या. नाहीतर एक पैसाही देऊ नका, आम्ही लढतच राहू.

हे सोपे नव्हते. पगार नाकारणारा शिपाई छावणीत कसाबसा जेवतो, पण घरी त्याची बायको काय शिजवणार? गावोगाव या शिपायांच्या बायका उधारीवर दिवस काढत होत्या, काही घरांना धर्मादायाच्या दारात उभे राहावे लागले. आमच्या मते या हकीकतीतला सर्वांत कठीण लढा तो हाच. आणि तो न्यू बेडफर्डच्या आणि तसल्या पन्नास गावांच्या स्वयंपाकघरांत लढला गेला.

१८६३चा जुलै उजाडला. पलटण साउथ कॅरोलिनात चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी असलेल्या मॉरिस बेटाकडे निघाली होती. त्याच सुमारास, १३ जुलैला, न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध दंगल उसळली. काळ्यांसाठी आम्ही का मरावे असे ओरडत गोऱ्यांच्या जमावाने कृष्णवर्णीयांना रस्त्यात गाठून मारले, फासावर लटकावले. आणि त्या जमावाने जाळली कोणती वास्तू? कृष्णवर्णीय मुलांचे अनाथाश्रम! दोनशेहून अधिक मुले मागच्या दाराने बाहेर काढली म्हणून वाचली. ज्या छपराखाली गुडिंग अक्षरे गिरवायला शिकला त्या संस्थेची इमारत उत्तरेतच, त्याच्याच बाजूच्या लोकांनी राख केली. त्यानंतर पाचच दिवसांनी, १८ जुलैच्या संध्याकाळी, त्याची पलटण फोर्ट वॅग्नर किल्ल्यावर सर्वांत पुढे चालून गेली.

त्या हल्ल्याचे वर्णन येथे विस्ताराने करीत नाही. १९८९च्या ‘ग्लोरी’ या चित्रपटात तो सगळा प्रसंग आहे, आमच्या तरुण वाचकांपैकी काहींनी तो पाहिलाही असेल. सहाशेच्या आसपास माणसे वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवरून किल्ल्यावर धावली. त्यांतली २७०हून अधिक मेली, जखमी झाली किंवा हरवली. कर्नल शॉ तटावर पडला. शत्रूने त्याला त्याच्या काळ्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरले आणि हा आपण त्याचा मोठा अपमान केला असे त्यांना वाटले. शॉच्या वडिलांनी मुलाचे प्रेत तेथून हलवू नये, त्याच्या माणसांत आहे तेथेच असू द्यावे असे कळवले. गुडिंगच्याच तुकडीतला, न्यू बेडफर्डचाच सार्जंट विल्यम कार्नी याने जखमांनी रक्तबंबाळ होऊनही निशाण खाली पडू दिले नाही. त्या पराक्रमाबद्दल त्याला देशाचे सर्वोच्च पदक मिळाले, पण ते १९०० साली! सदतीस वर्षांनी.

चित्रपट येथे संपतो. गुडिंगचे आयुष्य आणखी एक वर्ष आणि एक दिवस चालले.

किल्ला हल्ल्याने पडला नाही, तेव्हा वेढा घातला गेला. ऐन उन्हाळ्यात, समुद्राच्या वाळूत रात्रंदिवस खंदक खणणे, तोफा ओढणे, पिंपे वाहणे ही कामे कोणाकडे आली असतील? कृष्णवर्णीय पलटणींचा बराच वेळ कुदळ-फावड्यातच गेला. काही वेळा तर गोऱ्या पलटणींच्या छावण्या साफ करून तंबू उभारून देण्याचे काम त्यांना सांगण्यात आले. तक्रारी झाल्यावर ते थांबवावे लागले. पाणी मचूळ, अन्न निकृष्ट, वर तोफगोळे. जेथे कुदळीचे काम जास्त आणि डॉक्टर कमी, तेथे रोग मुक्कामालाच येतो. आम्ही वर जो तीस हजारांचा आकडा दिला, त्याचे मूळ अशा ठिकाणी आहे. त्या काळी रोगजंतूंची कुणाला कल्पना नव्हती, हे खरे. परंतु जास्त राबवलेला, कमी पोसलेला माणूस लवकर आजारी पडतो, हे समजायला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

सप्टेंबरात शत्रूने किल्ला सोडला. आणि २८ सप्टेंबर १८६३ रोजी मॉरिस बेटाच्या छावणीतून गुडिंगने थेट राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना पत्र लिहिले. साधा शिपाई, वय पंचवीस, खाली पलटणीचे आणि तुकडीचे नाव. आपण धाडस करतो आहोत याबद्दल सुरुवातीला क्षमा मागून त्याने एकच सवाल विचारला : आम्ही शिपाई आहोत की मजूर? शिपायाचे कवायत-हत्यार आमच्याकडे आहे, शिपायाचे रक्त आम्ही सांडले आहे, आमची माणसे त्या तटाखाली पुरलेली आहेत. मग शिपायाचा पगार का नाही? लिंकन यांनी त्याच वर्षी ३० जुलैला जाहीर केले होते की कृष्णवर्णीय युद्धकैद्याला शत्रूने गुलाम केले किंवा मारले तर तसाच बदला घेतला जाईल. गुडिंगने तोच धागा पकडला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : आम्हाला शिपायासारखे वागवा असे तुम्ही शत्रूला बजावता, मग आमच्या स्वतःच्या सरकारने आम्हाला तसे वागवायला नको का?

या पत्रात आणखी एक जागा आहे, तेथे आम्ही थबकलो. तो लिहितो की गुलामीतून नुकत्याच सुटलेल्यांसाठी केलेला कायदा आम्हाला लागू होत नाही, कारण या पलटणीतले आम्ही जन्माने स्वतंत्र आहोत. आणि लगेच पुढे बजावतो की यात त्या मुक्त झालेल्या बांधवांची सेवा आमच्यापेक्षा कमी मोलाची असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. जन्माने स्वतंत्र असे लिहिणारा हा माणूस स्वतः गुलाम म्हणून जन्मला होता, हे पत्र वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक नव्हते. सोबत्यांनाही बहुधा नसावे. ती ओळ लिहिताना त्याचा हात थांबला असेल काय? मागे राहिलेल्यांना कमी लेखू नका हे जे त्याने तातडीने जोडले, ते कोणाच्या वतीने जोडले, हे आज आपल्याला दिसते. हे पत्र वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात जपलेले आहे.

नोव्हेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्याने तोड काढली : केंद्र सरकार ७ देते, वरचे आम्ही भरून देतो, प्रश्न मिटला. पलटणीने तेही नाकारले. प्रश्न सहा डॉलरचा असता तर मिटला असता. दोन-चार रुपयांसाठी एवढा हट्ट कशाला, असे म्हणणारे शहाणे तेव्हाही होते. त्या सर्वांना एवढेच विचारावेसे वाटते की बाजूला ठेवलेला वेगळा पेला पाण्याने काठोकाठ भरून दिला, म्हणून तो कुणी ओठाला लावावा काय? आपल्याकडेही १८९०च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढे १९१०मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. त्या अर्जांमागे नुसती भाकरी नव्हती. गरज लागली तेव्हा १९१७मध्ये १११वी महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१मध्ये मोडली, ही हकीकत वाचकांना माहीत आहेच.

पगाराच्या या प्रश्नावर दुसऱ्या एका कृष्णवर्णीय पलटणीत सार्जंट विल्यम वॉकर याने आपल्या माणसांकडून बंदुका खाली ठेवून घेतल्या. सरकारने करार पाळला नाही, मग आम्ही का पाळावा, असे त्याचे म्हणणे. त्याला बंडखोरीच्या आरोपाखाली फेब्रुवारी १८६४च्या शेवटच्या दिवशी गोळ्या घालण्यात आल्या. तेव्हा गुडिंग आपल्या पलटणीत नव्हता. नऊ दिवसांपूर्वी तो शत्रूच्या हाती लागला होता.

२० फेब्रुवारी १८६४ रोजी फ्लॉरिडातील ओलस्टी येथे लढाई झाली आणि उत्तरेची फौज हरली. माघार घेणाऱ्यांना पाठीशी घालण्यासाठी ५४वी पलटण आघाडीवर धावली. धावताना शिपायांनी मॅसॅच्युसेट्सच्या आणि महिना सात डॉलरच्या नावाने आरोळी ठोकली, अशी नोंद आहे. मरणाच्या तोंडी जातानाही त्यांना उपहास सुचत होता! नंतर जखमींनी भरलेली आगगाडी इंजिन बिघडून अडली, तेव्हा याच शिपायांनी दोर बांधून ती मैलोन्‌मैल हातांनी ओढली. गुडिंग, जो डिसेंबरात कॉर्पोरल झाला होता, मांडीला जखम होऊन रणांगणावरच राहिला. तो मेला असे प्रथम समजले गेले. ‘मर्क्युरी’त त्याची पत्रे येणे बंद झाले.

तो मेला नव्हता. त्याला जॉर्जिया राज्यातील अँडरसनव्हिलच्या कैदी-छावणीत नेण्यात आले.

ही छावणी म्हणजे पाइन वृक्षांचे ओंडके उभे रोवून घेरलेले एक उघडे मैदान. दहा हजार माणसांसाठी योजलेल्या जागेत ऑगस्ट १८६४मध्ये ३२ हजारांहून अधिक माणसे कोंबलेली होती. डोक्यावर छप्पर नाही. घोंगडी, फाटके कोट काठ्यांवर ताणून जे ते आडोसा करीत. कुंपणाच्या आत एक लाकडी कठडा होता; त्याला हात लावला की पहारेकऱ्याची गोळी. मधून एक ओढा वाहत होता. वरच्या अंगाला पहारेकऱ्यांची छावणी आणि भटारखाना, त्यांची घाण त्यात येई. खालच्या अंगाला कैद्यांचे शौचकूप. आणि पिण्याचे पाणी तेच. खायला कणसाच्या दांड्यासकट दळलेले मक्याचे भरड पीठ, कधी खारवलेल्या मांसाचा तुकडा. भाजी नाही, फळ नाही.

आमच्या भगिनींना हे वाचून लगेच कळेल की अशा अन्नावर माणूस किती दिवस काढेल. आतड्यांना ते पीठ सोसत नसे, हगवण लागे. आणि ताजे अन्न नसल्याने स्कर्व्ही हा रोग होई. त्यात हिरड्या सुजतात, दात हलतात, अंगावर काळेनिळे डाग पडतात आणि भरत आलेली जुनी जखमसुद्धा पुन्हा उकलते. आपल्या आवळ्यात, लिंबात, शेवग्याच्या पाल्यात जे सत्त्व असते ते न मिळाल्याचा हा परिणाम. दर्यावर्दी लोकांना हा रोग आणि त्याचा उपाय दोन्ही चांगले माहीत असत. इंग्रजांच्या आरमारात लिंबाचा रस देण्याची पद्धत अठराव्या शतकाच्या अखेरीसच पडली होती. तेव्हा अँडरसनव्हिलमध्ये स्कर्व्हीने मेलेल्या माणसांना अज्ञानाने मारले असे कोणी म्हणू नये. सहा वर्षे जहाजांच्या दुनियेत वावरलेला, मांडीला जखम असलेला एक शिपाई या कुंपणात होता.

कृष्णवर्णीय कैदी तेथे थोडेच, शंभराच्या आसपास होते आणि त्यांतले बरेचसे ओलस्टीलाच पकडलेले जखमी. त्यांना उपचार नाकारले गेल्याच्या साक्षी नंतरच्या खटल्यात झाल्या. त्यांच्या एका गोऱ्या मेजरच्या जखमेलाही हात लावायला डॉक्टर तयार नव्हते, कारण तो काळ्यांचा अधिकारी! कृष्णवर्णीय कैद्यांना कुंपणाबाहेर मजुरीला नेत आणि काम न केल्यास चाबूक मारीत. आम्ही शिपाई की मजूर, या सवालाचे उत्तर शत्रूने आपल्या परीने दिले होते.

छावणीत एवढी गर्दी का साचली, हेही सांगितले पाहिजे. पूर्वी दोन्ही बाजू कैद्यांची अदलाबदल करीत. दक्षिणेने मात्र पूर्वीच्या गुलामांना शिपाई मानून परत करायला नकार दिला, आणि उत्तरेच्या सरकारने सर्वांना सारखे वागवल्याखेरीज अदलाबदल नाही असे ठरवले. पगारात सहा डॉलर कापणारे सरकार या ठिकाणी मात्र अडून बसले. ते योग्यच होते असे आम्हाला वाटते. पण त्याची किंमत काळ्या-गोऱ्या दोघांनीही त्या ओढ्याकाठी मोजली. एकंदर सुमारे ४५ हजार कैदी तेथे आले, त्यांतले जवळजवळ १३ हजार तेथेच मातीत गेले आणि त्यांतले बहुतेक हगवणीने, आमांशाने, स्कर्व्हीने. ऑगस्टमध्ये तर दिवसाला सरासरी शंभराच्या आसपास माणसे मरत होती.

गुडिंगने तो ऑगस्ट पाहिला नाही. १९ जुलै १८६४ रोजी तो गेला. सव्विसावा वाढदिवस चाळीस दिवसांवर होता.

आणि पगाराचे काय झाले? १५ जून १८६४ रोजी, म्हणजे गुडिंगच्या मृत्यूच्या चौतीस दिवस आधी, वॉशिंग्टनमध्ये कायदा झाला. कृष्णवर्णीय शिपायांना त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून बरोबरीचा पगार मंजूर झाला. भरतीच्या दिवसापासूनची थकबाकी मात्र फक्त त्यांनाच मिळणार होती, जे १९ एप्रिल १८६१ रोजी स्वतंत्र होते. म्हणजे येथेही पंगतीत दोन पाने मांडलेलीच! पलटणीचा नवा कर्नल एडवर्ड हॅलोवेल याने यावर युक्ती काढली. त्याने शपथेचा मजकूरच असा केला की त्या तारखेला माझ्या फुकट श्रमावर कोणाचाही हक्क नव्हता. गुलाम म्हणून जन्मलेला माणूसही ही शपथ छातीवर हात ठेवून घेऊ शकत होता, कारण असा हक्क या जगात कोणाचा कोणावर असतो? सगळी पलटण पुढे झाली. शरद ऋतूत, दीड वर्षाच्या खंडानंतर, पगार वाटला गेला. शिपायांनी नोटांची पुडकी घरोघर धाडली.

अँडरसनव्हिलच्या कुंपणाआड या कायद्याची वार्ता पोचण्याचा मार्ग नव्हता. ज्याने राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिले त्याने भरतीपासून मरेपर्यंत पगार म्हणून एक डॉलरही हातात घेतला नाही.

छावणीच्या इस्पितळात डोरेन्स अ‍ॅटवॉटर नावाचा एक गोरा कैदी होता, विशीच्या आसपासचा. त्याला मेलेल्यांची नोंद ठेवण्याचे काम दिले होते. दक्षिणेचे सरकार ही यादी कुणालाच देणार नाही हे ओळखून त्याने गुपचूप दुसरी प्रत लिहिली आणि सुटल्यावर अंगरख्याच्या अस्तरात दडवून बाहेर आणली. १८६५च्या उन्हाळ्यात क्लॅरा बार्टन या सेवाव्रती बाई त्याला घेऊन तेथे गेल्या. प्रेते लांब चरांत खांद्याला खांदा लावून पुरलेली होती, प्रत्येकाच्या उशाशी क्रमांकाची खुंटी. यादीतला क्रमांक आणि खुंटीचा क्रमांक जुळवून हजारो थडग्यांवर नावे घातली गेली. साडेचारशेच्या वर माणसे तरीही अनामच राहिली.

गुडिंगची कबर ३५८५ क्रमांकाची. तिच्या दोन्ही बाजूंना, वीतभर अंतरावर, इतरांच्या कबरी आहेत. कर्नल शॉप्रमाणेच तोही रांगेत, सर्वांबरोबर आहे.

त्याची पत्रे १९९१ साली ‘ऑन द ऑल्टर ऑफ फ्रीडम’ या नावाने पुस्तकरूपाने निघाली, तेव्हाही तो ट्रॉय गावी स्वतंत्र जन्मलेला असेच समजले जात होते. न्यू बर्न आणि गुलामी हे खरे टिपण नंतरच्या संशोधकांना सापडले ते जमावाने जाळलेल्या त्या अनाथाश्रमाच्या नोंदवहीत. इमारत गेली, वही मागे राहिली होती.